पहिला चिकू विकणाऱ्याने खायचा

आमच्या घरात एक नियम आहे. पिकलेल्या चिकूंची नवी टोपली उघडली की पहिलं फळ ज्याला विकायला बसायचं आहे त्याने खायचं. नियम सासूबाईंचा. "गिऱ्हाईक विचारणार गोड आहेत का, आणि तू न खाताच हो म्हणणार? जीभ झडेल गो!" चिकूची वाडी आमची डहाणूकडे, कोसबाडच्या वाटेवर. स्टॉल मात्र हायवेला, विवळवेढ्याच्या देवळाजवळ. तिथे रोज सकाळी मी आधी एक चिकू खायचे आणि मग बसायचे.

आणि एका हंगामात मला चिकूची चवच लागेना.

ताप नव्हता, सर्दी नव्हती. करोनाची टेस्टसुद्धा करून झाली, काही निघालं नाही. तोंडात ओली रेती घेतल्यासारखं वाटायचं. चिकूचंच असं नव्हे. पहाटे छातीत धडधड घेऊन जाग यायची आणि दिवसभर कशातच जीव लागायचा नाही. तलासरीहून माझी बहीण भेटायला आली, तिच्याशी दोन शब्द बोलायचा कंटाळा आला. गुजरातच्या गाड्या थांबायच्या. "मीठां छे ने?" मी म्हणायचे, "एकदम गोड!" तोंडात रेती आणि बोलणं साखरेचं. जीभ झडली नाही याचंच नवल.

शेवटी नवऱ्याने मला डहाणूला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई शांत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हे नैराश्य आहे आणि यावर औषध आहे म्हणाल्या. गोळी सकाळी, नाश्त्यानंतर. सुरुवातीला मळमळेल, झोप बिघडेल, धडधड आधी थोडी वाढूसुद्धा शकते. गुण यायला काही आठवडे लागतील. "मनाने बंद करू नका. फार त्रास झाला तर फोन करा. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर दिवस-रात्र न बघता या." मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

गोळी सुरू झाली आणि माझ्या पायांत कुत्रं शिरलं. बसले की उठावंसं वाटे, उठले की चालावंसं, चालले की परत यावंसं. चहाचा वास आला तरी पोटात ढवळायचं. तोंड कोरडं पडायचं. हात असे कापायचे की गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना नाणी खाली पडायची. स्टॉलवर बसणं जमेना, म्हणून नवरा बसायला लागला आणि मी वाडीत झाडांमधून येरझारा घालू लागले. या झाडापासून त्या झाडापर्यंत, परत, पुन्हा. खाली वाकून पाचोळा गोळा करायचे, अर्ध्यातच टाकून द्यायचे. सासूबाई ओटीवर बसून बघायच्या. "गोळी खाऊन माणूस बरा होतो. ही तर जास्तच नाचायला लागली!"

मी मुळातच तापट. "तुम्ही खाऊन बघा मग!" म्हणाले.

त्यांनी राग धरला नाही. विवळवेढ्याच्या देवीला नवस बोलू, गोळी बंद कर, म्हणाल्या. मी म्हटलं, नवस खुशाल बोला. पण गोळी बंद करायचं माझ्याही मनात घोळत होतंच. दर तासाला मी स्वतःला तपासायचे. बरं वाटतंय का? आता? मघापेक्षा? धडधड कमी आहे की जास्त? मनगट धरून नाडी बघायचे. मोजता येत नसे, तरी धरायचे.

अशाच एका दुपारी घरात कोणी नव्हतं. कोपऱ्यात पेंढ्यात पिकायला घातलेले चिकू होते, दोन दिवसांनी स्टॉलवर जायचे. मी बसले आणि एक दाबून पाहिला. कडक. दुसरा दाबला. तिसरा. हाताला काहीतरी काम मिळालं, तेवढंच बरं वाटलं. सगळे दाबून झाले तेव्हा पहिल्यापासून परत सुरुवात केली. लग्न होऊन या घरात आले त्याच दिवशी मला शिकवलं होतं, पेंढ्यातल्या फळाला बोट लावायचं नाही, डाग पडतो. मला ते माहीत होतं. अंगठा ऐकत नव्हता.

दोन दिवसांनी नवऱ्याने पेंढा उचलला. बहुतेक फळांवर अंगठ्याएवढे काळे, मऊ डाग. आतून कच्ची, वरून नासलेली.

"कोणी केलं हे?"

"मी."

"अगं, सारखं दाबून कधी पिकलाय का चिकू?"

तो चिकूंबद्दलच बोलत होता. वैतागलेला होता बिचारा. पण मला ते असं लागलं की मी भिंतीला टेकून खाली बसले आणि हमसून हमसून रडले. मग गोळ्यांची पट्टी त्याच्या हातात दिली. "फेकून दे. मला नाही सोसत. आधी नुसती चव नव्हती, आता बसतासुद्धा येत नाही. अशीच राहिले तर?"

त्याने पट्टी खिशात टाकली आणि डॉक्टरबाईंना फोन लावून माझ्या कानाशी धरला. मी जे आलं ते बोलले. पाय, हात, चिकू, सगळं. त्या हसल्या नाहीत. जिवाबद्दल काही मनात येतंय का, असं सरळ विचारलं. मी नाही म्हटलं, ते खरं होतं. मग म्हणाल्या, "पायांचं आधीच सांगायला हवं होतंत. उद्यापासून अर्धीच गोळी घ्या आणि या आठवड्यात येऊन दाखवा." माझी समजूत होती की एक तर सोसायचं, नाहीतर सोडायचं. सांगायचं, हे डोक्यातच आलं नव्हतं.

अर्ध्या गोळीने पायांतलं कुत्रं हळूहळू बसलं. मळमळ गेली. पुढे डॉक्टरांनी बेताबेताने गोळी पूर्ण केली. मी स्टॉलवर जायला लागले. नियम म्हणून पहिला चिकू खायचे. रेतीच लागायची. पण स्वतःला विचारणं मात्र कमी केलं.

मग एकदा सकाळी टोपली उघडली, चिकू सोलला, तोंडात टाकला. समोर एक ट्रक वाकडातिकडा उभा होता, त्याच्या ड्रायव्हरला मनातल्या मनात शिव्या घालत होते. आणि चावता चावता थांबले.

नवरा टेंपोतून टोपल्या उतरवत होता. मी हाक मारली.

"काय झालं? नासका निघाला?"

"मला विचार."

"काय विचारू?"

"गिऱ्हाईक विचारतात ते."

तो टोपली हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग त्याला कळलं असावं, कारण त्याने टोपली आधी नीट खाली ठेवली.

"गोड आहेत का?"

तोंडात चिकू होता, डोळ्यांतून पाणी चाललं होतं. त्याने घाई केली नाही. घास गिळून झाल्यावर मी हो म्हणाले. त्या हंगामात या प्रश्नाला दिलेलं ते माझं पहिलं खरं उत्तर.