न हलवलेली बाटली

सासरे गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात माझ्या लेकीच्या, रेवाच्या गोळीचे तुकडे करत होते. नवऱ्याने फोन ठेवला आणि नुसतं म्हणाला, "बाबा गेले." अर्नाळ्याच्या घरी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मी आधी हातातली गोळी नीट कापली, डबीत भरली आणि मग खाली बसले. रडू नंतर आलं. आधी आला तो राग, बाबांचा आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. पाच आठवडे झाले, तो काही उतरत नाही.

बाबा गावातल्या एका दवाखान्यात चाळीस वर्षं कंपाउंडर होते. रेवाच्या शरीरात एक हार्मोन जन्मापासून पुरेसं तयार होत नाही, ते दिवसातून तीनदा औषधातून द्यावं लागतं. कमी पडलं तर जिवावर बेततं, जास्त झालं तर अंगावर सूज येते, उंची खुंटते. हे कळलं तेव्हा बाबा आपणहून नायगावला आमच्या फ्लॅटवर राहायला आले. सकाळचा आणि रात्रीचा डोस माझा, मी ऑफिसात असताना दुपारचा त्यांचा. तेव्हा औषध पातळ होतं, एक केमिस्ट बनवून द्यायचा. बाटली हलवून घ्या, असं वर लिहिलेलं होतं. पण हलवलं की फेस यायचा, सिरिंजमध्ये बुडबुडे शिरायचे, आणि माप चुकेल या धास्तीने मी बाटली अगदी अलगद उचलायचे. शेवटी तळाशी उरलेला गाळ टाकून द्यायचे. काटेकोरपणाचा भारी अभिमान ना मला! बाबांनी एकदा विचारलं, "मेधा, बाटली हलवतेस ना? खाली पांढरा थर बसतोय." मी फणकारले, "बाबा, आई आहे मी तिची. कळतं मला." त्यांनी पुन्हा विचारलं असतं, ओरडले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही, सुनेला दुखवायचं नाही म्हणजे नाही.

मग केमिस्टने ते औषध बनवणं बंद केलं आणि डॉक्टरांनी तेवढ्याच मात्रेच्या गोळ्या सुरू केल्या. दोन महिन्यांत रेवाचा चेहरा गोल गरगरीत झाला, वजन वाढलं, वर्गातली मुलं चिडवायला लागली. मात्रा तीच, मग हे कशाने? डॉक्टर चक्रावले. सुई दिसली की रेवा किंचाळायची, तरी ते आणखी तपासण्या लिहायला लागले... आणि मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "आधीचं औषध प्रत्येक वेळी हलवून देत होतात ना?" त्या क्षणी मला सगळं कळलं. खरं औषध मी तळातून फेकून देत होते आणि पोरीला वरचं पातळ पाणी पाजत होते. रिपोर्ट कमी येत म्हणून डॉक्टर मात्रा वाढवत गेले, आणि आता गोळीतून ती अख्खी मिळत होती. "हो, हलवूनच," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

"नाय डॉक्टर," शेजारच्या खुर्चीवरून बाबा म्हणाले. "हिला ऑफिस असतं. बहुतेक डोस मीच द्यायचो. मी हलवत नव्हतो." चाळीस वर्षं औषधं बनवलेल्या माणसाला डॉक्टरांनी सगळ्यांसमोर शाळकरी पोरासारखं झापलं. बाबा मान हलवत ऐकत राहिले. मात्रा हळूहळू कमी केली आणि रेवा काही महिन्यांत पहिल्यासारखी झाली. त्या दिवशी परतताना रिक्षात मी विचारलं, "बाबा, असं का केलंत?" ते बाहेर बघत म्हणाले, "डॉक्टरचा तुझ्यावरचा भरवसा गेला, तर पोरीचं कसं व्हायचं? माझं काय हाय?"

घरी कळल्यावर नवरा त्यांना म्हणाला, "बाबा, यापुढे तिच्या औषधाला हात लावू नका." मी तिथेच उभी होते. पंधरवड्यात बाबा अर्नाळ्याला परत गेले. "इथं आता माझं काय काम?" म्हणाले, आणि मी त्यांची पिशवी भरून दिली! पुढची तीन वर्षं दर सुट्टीला ठरवायचे, आता सांगून टाकू. दर सुट्टीला बाबाच विषय बदलायचे आणि मी खुशाल बदलू द्यायचे.

गेल्या आठवड्यात रेवाला शाळेत आजोबांवर निबंध लिहायला सांगितला. वही टेबलावर उघडी होती. 'माझे आजोबा प्रेमळ होते. आजोबांनी एकदा माझ्या औषधात चूक केली होती. पण मी त्यांना माफ केलं आहे.' मी तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. रात्री नवऱ्यालाही सांगितलं. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.

रेवाने तेव्हा एवढंच विचारलं, "मग तू डॉक्टरकाकांसमोर का नाही बोललीस?" घाबरले, म्हटलं. तिने खोडरबर घेतलं. 'आजोबांनी' खोडून तिथे 'आईने' लिहिलं. मग माफीचं वाक्य पूर्ण खोडलं, वही मिटली आणि दप्तरात ठेवली.