पुढच्या शिफ्टने नोंद घ्यावी

जगात ढिगानं अ‍ॅप आहेत. पण ‘हे अ‍ॅप सध्या वापरू नये’ असं ज्याच्या स्वतःच्याच जाहिरातीत छापलं होतं, ते एकच. ते माझ्या पोरीचं. आणि ती ओळ माझी.

झालं असं, की आमच्या रश्मीनं शिफ्टवाल्या घरांसाठी अ‍ॅप बनवलं. घरचा माणूस आज फर्स्ट शिफ्टला आहे की नाइटला, डबा कधी भरायचा, दुपारी मिक्सर लावायचा की त्याला झोपू द्यायचं, सगळं ते सांगणार. (भिलाईत या मिक्सरवरून बायका माहेरी गेल्या आहेत!) शुक्रवारी रायपूरच्या एका कंपनीत तिचा इंटरव्ह्यू होता. तिथले साहेब नागपूरचे, मराठी माणूस. अ‍ॅप स्टोअरवरचं तिचं पान बघूनच ते काय ते ठरवणार होते. वर्षभर पोरगी घरी बसून होती. ही नोकरी तिला हवीच होती.

“बाबा, हिंदी-इंग्लिश मी टाकलं. मराठीत चार ओळी तुमी लिवून द्या. मले बोलता येते, लिवता नाई येत. अच्छा-अच्छा लिखना हं!” असं म्हणून लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून ती मैत्रिणीच्या लग्नाला उतईला निघून गेली.

आता, ज्या माणसानं स्टील प्लांटमध्ये चौतीस वर्षं लॉगबुक लिहिलं, त्याला लिहायला कोण शिकवणार? लॉगबुकाचा नियम एकच. मशीन चांगली चालली तर लिहायचं नाही. बिघाड मात्र एकूण एक लिहायचा. नाहीतर पुढची शिफ्ट तुमच्या नावानं शंख करते. मी चष्मा पुसला आणि लिहिलं:

‘१. अलार्म वाजतो. कधी कधी वाजत नाही. २. नाइट शिफ्टला तारीख एक दिवस मागे राहते. संबंधितांस तोंडी कळवले. “बाद में देखेंगे” असे उत्तर मिळाले. ३. दुरुस्ती होईपर्यंत हे अ‍ॅप सध्या वापरू नये. पुढच्या शिफ्टने नोंद घ्यावी. सही, चार्जमन (निवृत्त).’

सुनंदानं, म्हणजे आमच्या सौ.नी, खांद्यावरून वाचलं. “अवो, हे जाहिरात होये का पंचनामा?”

“तुले काय समजते? खरं लिवलं का लोकायचा भरोसा बसते!”

मी ‘पब्लिश’चं बटण दाबलं आणि भरोसा आणखी घट्ट बसावा म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवर लिंक टाकली. ‘खरे मत द्यावे. मुलाहिजा ठेवू नये.’ पहिलं मत आलं शेजारच्या भिलाई-3 गावाहून. प्रकाशचं. हा माझा साळा, रेल्वेत आहे. एक तारा! ‘बनवणाराच वापरू नका म्हणते, तर मी काऊन वापरू?’

माझं डोकंच फिरलं. मताखाली उत्तर द्यायची सोय होती. (ज्यानं ही सोय केली, त्याला साळा नसावा.) मी लिहिलं, ‘प्रिय ग्राहक, आधी आमची शिडी परत करा. दोन वर्षे झाली.’

त्यानं लगेच मत बदललं. ‘शिडीची पायरी आधीच मोडली होती.’

‘ती तुमच्या वजनाने मोडली!’

तेवढ्यात आणखी एक मत पडलं, दोन तारे. ‘शिडी माझ्या माहेरची आहे. माझ्या भावाले बोलाचं काम नाई.’ मी मान वळवली. सुनंदा सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला मोबाइल घेऊन बसली होती आणि माझ्याकडे अजिबात बघत नव्हती.

संध्याकाळपर्यंत अख्खं खानदान उतरलं. अ‍ॅपबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. एका काकूंनी तर आमच्या लग्नात भाजी कमी पडली होती म्हणून तीन तारे कापले!

बुधवारी रश्मी परतली. तिनं पान उघडलं.

“बाबा! हे काय करून ठेवलं जी? परसों इंटरव्यू है मेरा!”

“पुसून टाक नं मंग.”

“पुसलं! पण एकडाव टाकलेलं बदललं का स्टोअरवाले पयले तपासतात. चार-पाच दिवस लागतात. तवरिक हेच दिसन! अन् लोकायची मतं तर पुसताच येत नाई!”

आणि ती रडायला लागली. ती भांडली असती तर मीही भांडलो असतो, पण रडणाऱ्या पोरीशी भांडायचं कसं? वर्षभराची तिची मेहनत, आणि मी एका दुपारी तिचं वाटोळं केलं होतं.

शुक्रवारी तिच्यासोबत रायपूरला गेलो आणि बाहेर बाकावर बसलो. आत कोणीतरी मोठ्यानं काहीतरी वाचत होतं. ‘शिडी’ एवढाच शब्द ऐकू आला आणि मग हशा. मला घाम फुटला.

अर्ध्या तासानं रश्मी बाहेर आली. “लागली नोकरी!”

“अरे बाप्पा!” माझे डोळेच भरून आले. “माझं लिवणं आवडलं वाटते त्यायले?”

“साहेब म्हनले, असा खडूस क्लायंट अन् त्याचं असं खानदान जे पोरगी सांभाळते, ते आमचा कोणताई क्लायंट सांभाळन.”

“क्लायंट? अवं, बाप होय मी तुझा! सांगितलं नाई का त्यायले?”

“नाई जी,” ती म्हणाली. “नोकरी पायजे होती नं.”