खिरीचा सण कुठल्या पुस्तकात आहे?

आमच्या मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या लायब्ररीत मुलांच्या विभागात ज्यू सणांच्या पुस्तकांचं एक कपाट आहे. त्यातलं कुठलंही पुस्तक उघडा, नव्या वर्षाला कोणीतरी सफरचंदाची फोड मधात बुडवत असतं. कधी अस्वल, कधी साळिंदर. एका पुस्तकात तर पेंग्विन. बर्फात त्याला सफरचंद कोणी आणून दिलं, देव जाणे. पान उलटलं की उपासाचा दिवस, मग अंगणात फांद्यांचा मांडव, आणि शेवटी सगळे जनावर लोक हात धरून नाचतात.

गेल्या सप्टेंबरात ते कपाट मी खालपासून वरपर्यंत उपसलं. गुडघे दुखत होते म्हणून चक्क गालिच्यावर बसूनच. मला एक पातेलं हवं होतं. कुठल्याही पानावर, कोपऱ्यात का होईना, खिरीचं एक पातेलं.

आम्ही बेने इस्राएल. कोकणातले मराठी ज्यू. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक शनवार तेली म्हणत. आमच्याकडे नव्याचा सण, म्हणजे नवं वर्ष, झाला की लगेच खिरीचा सण येतो. नव्या तांदळाची, गुळाची, नारळाच्या दुधाची खीर करायची, लोबान जाळायचा, प्रार्थना म्हणायची आणि मग खायची. त्यानंतर दारफाळणी, म्हणजे दारं लावून घरात बसायचं आणि कडक उपास करायचा. उपास साऱ्या जगातले ज्यू करतात. खीर आमचीच.

झालं असं, की माझी नात, वय वर्षं सात, रविवारच्या हिब्रू शाळेतून तोंड पाडून आली. बाईंनी प्रत्येकाला विचारलं होतं, सणाला घरी काय करता? हिने ऐटीत सांगितलं, आमच्याकडे खीर डे असतो. वर्गात हशा पिकला. एक मुलगी म्हणाली, असा सण नसतोच. बाईंनी सांभाळून घेत म्हटलं, तुमच्या फॅमिलीची ट्रॅडिशन असेल हं. सात वर्षांच्या पोरीला त्याचा अर्थ बरोब्बर कळतो.

गाडीत मागच्या सीटवरून ती म्हणाली, "आजी, यू मेड इट अप."

"मी कशाला मनाने काढू? खरा सण आहे."

"मग बुकमध्ये का नाही? बबीचे सगळे सण बुकमध्ये आहेत." बबी म्हणजे तिची दुसरी आजी, सुनेची आई. क्लीव्हलँडला असते. तिचे सण सगळे छापील.

आणि इथे माझी जीभ घसरली. "आहे की पुस्तकात," मी म्हटलं. "मी स्वतः पाहिलंय."

"कुठलं?"

"आहे एक."

"मला हवं. नेक्स्ट संडेला क्लासमध्ये दाखवणार."

खिरीचा सण त्याच आठवड्यात होता. पुस्तक मिळालं नाही तर ती खीर खाणार नाही, हे तिने सांगून टाकलं. बबीकडे जाईन म्हणाली. तुम्ही हसाल, पण मला ते हसण्यावारी नेता येईना. आमचे हे गेले. बहिणी निम्म्या ठाण्यात, निम्म्या इस्राएलमध्ये. इथे मिशिगनात हा सण म्हणजे मी, एक पातेलं आणि ती पोरगी. तिने पाठ फिरवली की संपलं.

माझा मुलगा म्हणाला, "आई, सोड ना यार. सफरचंद-मध पुरे की तिला."

त्याला काय दोष द्यायचा! तो याच पुस्तकांवर वाढला, आणि वाचून दाखवणारी कोण, तर तेव्हाची मी. काय बाई होती ती! पहिल्यांदा इथल्या सिनेगॉगमध्ये गेली ती काठापदराची साडी नेसून, केसांत गजरा माळून. दारातल्या म्हाताऱ्याने प्रेमाने पाहुण्यांच्या टेबलाकडे नेलं, हिला वाटलं मानाचं पान आहे. मग कोणीतरी विचारलं, तुम्ही धर्म कधी बदललात? दोन हजार वर्षांपासून ज्यूच आहोत असं सांगायचं सोडून ही बावळट म्हणाली, थँक यू. खिरीच्या सणाला अपार्टमेंटमध्ये लोबान जाळला, तर अलार्म वाजून आगीचा बंब आला. आणि ही डोक्यावर पदर घेऊन जिन्यात उभी, हातात पातेलं, अग्निशमनवाल्याला म्हणते, थोडी घ्या ना. त्याने घेतली, बरं का. वर चमचाही मागितला.

तर लायब्ररीत. तिथली बाई फार भली. मी सांगितलं त्याप्रमाणे तिने कॉम्प्युटरवर शोधलं, दुसऱ्या गावांच्या लायब्रऱ्यांत शोधलं. "इंडियन ज्यूइश, बरोबर?" असं विचारून तिने मला दिवाळीचं एक पुस्तक आणून दिलं. मी ते छातीशी धरून पार्किंगमध्ये गेले आणि गाडीत बसून रडले. अस्वलाला सण आहे. साळिंदराला आहे. माझ्या आजीला नाही.

ठाण्याला फोन लावला. धाकटी बहीण म्हणाली, "अगं पण मुलांना पुस्तक कशाला हवं? खीर द्यायची, खातात."

"इथली खात नाहीत."

"मग साखर जास्त घाल."

शेवटी मीच पुस्तक केलं. शाळेत चित्रकलेला मी नेहमी काठावर पास. तरीही जाड कागद आणले, रंग आणले, दोन दिवस जेवणाचं टेबल अडवून बसले. नऊवारी नेसलेली एक बाई काढली आणि चुलीवर पातेलं. पातेलं बॉम्बसारखं दिसायला लागलं म्हणून त्यातून वाफ काढली, तर ते फुटल्यासारखं दिसू लागलं. मुलगा ऑफिसमधून परस्पर माझ्याकडे आला, एकेक कागद उचलून पाहिला.

"आई, तू खोटं पुस्तक छापतेस?"

"खोटं काय त्यात? सण खरा आहे."

"तिला कळेल."

"सात वर्षांची आहे रे."

"म्हणूनच."

तरीपण त्याने ते नेलं, स्कॅन केलं, चकचकीत प्रिंट काढून बांधून आणलं. लेखिकेचं नाव मी एक सुंदरसं ठेवलं होतं, परदेशी वाटेल असं. पुस्तक नातीच्या हातात दिलं.

तिने आधी वाचलंच नाही. उलटं करून मागची बाजू पाहिली. मग आतलं पहिलं पान. मग कणा.

"बारकोड कुठे आहे?"

"जुनं पुस्तक आहे."

"जुनं असेल तर नवीन का वास येतो?" तिने चित्रं पाहिली. हळूहळू, एकेक. नऊवारीतल्या बाईपाशी थांबली. "आजी, हे तुझे चष्मे आहेत."

मला मेलीला नऊवारीतल्या बाईला माझाच चष्मा घालायचं सुचलं होतं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पुस्तक नीट बंद करून टेबलावर ठेवलं. "यू लाइड ट्वाइस," एवढंच म्हणाली आणि तिची आई न्यायला येईपर्यंत खिडकीशी बसून राहिली. जाताना मिठी मारली नाही. दार लागल्यावर मी तिथेच चपलांच्या शेजारी खाली बसले. उठून दिवा लावायचंही मनात येईना. मनात एकच होतं, की आता मी खरं सांगितलं तरी ती ऐकणार नाही. जे खरं होतं तेही मी माझ्या हाताने खोटं करून ठेवलं होतं.

खिरीच्या सणाचा दिवस उजाडला. खीर करावी की नाही, याचा विचार करत मी सकाळभर तांदूळ भिजवून ठेवले. नवे तांदूळ कुठले इथे, भारतीय दुकानातल्या पोत्यातले. नारळाचं दूध डब्यातलं. गूळ तेवढा कोल्हापूरचा. बबीचं क्लीव्हलँड तीन तासांवर, आणि शाळेनंतर तिला ठेवायला दुसरं कोणी नव्हतं. म्हणून ती आली. दप्तर टाकलं, टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली.

मी लोबान लावला, प्रार्थना म्हटली. माझा आवाज मलाच कोणा परक्या बाईचा वाटत होता. खीर वाटीत वाढून तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "पुस्तक नाहीये. कुठेच नाही. मी शोधलं."

"मग तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या आजीने."

"तिला?"

"तिच्या आजीने असेल."

मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर मी सत्तर वर्षांत शोधलेलं नाही. "आणि त्या आजीने मेड इट अप केलं असेल तर?"

शास्त्र, इतिहास, कोकण, घाणे, सगळं सांगायला माझं तोंड उघडलं होतं. पण आता आणखी एक खोटं परवडणारं नव्हतं. आणि खरंच मला माहीत नव्हतं.

"केलं असेलही," मी म्हटलं. "पण खीर बरी काढली म्हातारीने."

ती हसली नाही. वाटीकडे बघत राहिली. चमचा उचलला, टोक खिरीत बुडवलं, चाखलं. मग दुसरा चमचा. मी ओट्याला टेकून उभी होते, जणू हलले तर ती थांबेल.

वाटी संपली. तिने ती माझ्याकडे सरकवली.

"क्लासमध्ये नाही सांगणार मी."

"बरं."

"तू पण बाईंना नाही सांगायचं. आणि बबीला पण नाही."

"नाही सांगत."

"प्रॉमिस? खरंवालं?"

"खरंवालं."

पाठ तिच्याकडे करून मी पातेल्यात डाव घातला, कारण माझा चेहरा तिला दिसायला नको होता. जो सण कोणालाच माहीत नाही, तो लपवून ठेवायचं वचन मी देऊन बसले होते.

"आजी," ती मागून म्हणाली, "थोडी अजून."