सारखा वाटा

जयमाला वहिनी कोपरखैरण्यात आमच्या शेजारी राहतात. तुर्भ्याच्या मसाला बाजारात त्या मिरचीचे देठ खुडायच्या. संध्याकाळी हातांची आग व्हायची, पण त्यांच्या पाटीत देठ राहिलेला मी पाहिला नाही. त्याच बाजारात मी पोती वाहिली, म्हणून सांगतो.

वहिनींची आई आणि थोरली बहीण स्तनाच्या कॅन्सरने गेल्या. माझ्या बायकोची, विमलची, आईही त्यानेच गेली. म्हणून एका इस्पितळातल्या संशोधनात दोघींनी नाव दिलं. कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी हा कॅन्सर अडवते का, हे तिथे तपासत होते. अर्ध्या बायकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कुठली, हे डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नव्हतं.

हे दोघींना पटेना. आमच्या माथाडी टोळीत कमाई एकत्र करून सारखी वाटतात.

"तुझी खरी निघाली नि माझी फुसकी, तर?" विमल म्हणाली.

"मग टोळीचा न्याय," वहिनी म्हणाल्या.

दोघींनी आपापल्या डब्या परातीत ओतल्या, गोळ्या मिसळल्या, निम्म्या-निम्म्या परत भरल्या. मलाही ते रास्तच वाटलं.

पुढच्या तपासणीला वहिनींनी सहज विचारलं, "मॅडम, शेवटी तुम्हाला कळणार कसं?"

"कुठल्या गटात कॅन्सर कमी होतो, ते बघून."

घरी आल्या त्या थेट आमच्याकडे. "भावजी, आमी दोघी आता कुठल्याच गटात नाय."

"गप बस," विमल म्हणाली. "सांगितलंस तर गोळी बंद करतील. एवढ्या बायकांत आपण दोघी कुणाला दिसतोय?"

"सगळ्याच असं म्हणाल्या तर? उद्या माझी लेक मोनाली विचारेल, गोळी घेऊ का? तिला काय सांगू?"

"आणि तुलाच काय झालं तर?"

वहिनी सकाळी इस्पितळात जाऊन सगळं सांगून आल्या. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं वहिनी म्हणाल्या. झालेलं नोंदवून घेतलं, दोघींच्या गोळ्या थांबल्या. तपासणी मात्र चालू राहणार होती. उत्तर यायला अजून वर्षं आहेत.

विमल त्यांच्याशी बोलेना. "माझी गोळी मला न विचारता घालवली," एवढंच म्हणायची. तेही खोटं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "चल."

"गोळी नाय, काय नाय. कशाला यायचं?"

"गोळी नाय म्हणूनच."

विमल पुटपुटत उठली आणि चपला शोधू लागली.