चौथा भिडू

माणसाला खेळात हरवणं सोपं, खेळायला बसवणं महाकठीण, हे सिद्ध करण्यासाठीच देवानं माझ्या बायकोच्या मामांना नाशकात जन्माला घातलं असावं. नव्वदच्या सुमारास त्यांच्या पुतण्यानं जर्मनीहून एक खोका आणून दिला. आत समुद्राचा नकाशा, लाकडी जहाजं, मिरी-लवंगांचे भाव ठरवणारी पानं आणि जाडजूड नियमावली. खेळायला चार जण हवेतच, ही पहिली अट. एक डाव शेवटपर्यंत खेळायचा, एवढीच मामांची इच्छा, आणि त्या अटीपायी ती वर्षानुवर्षं अडून राहिली.

नुसते नियम समजावण्यात दुपार सरायची, त्यामुळे मामा दिसले की अख्खी गल्ली घाईत असायची. गॅसवाला तर सिलिंडर फाटकाशीच ठेवून पळे. आम्ही पिंपळगावहून मामांच्याच घरी मुलगी बघायला गेलो, तेव्हाही मामांनी पोह्यांच्या बशा बाजूला सारून नकाशा पसरला. माझे वडील द्राक्षांचे व्यापारी. ते गंभीरपणे म्हणाले, "लवंग आत्ता इकायची नाय, भाव चढंल." मामांचे डोळे भरून आले. मुलगी चहा घेऊन आली तेव्हा आमच्यापैकी कुणी मान वर केली नाही. शेवटी मामींनी नकाशा गुंडाळला, म्हणून माझं लग्न ठरलं. डाव अर्थातच राहिला.

पुढे मामांची म्हातारी चुलती गेली. सुतकात भाऊबंद घरात अडकलेले, मीही भेटायला गेलेलो. असा मोका पुन्हा येणार नव्हता. चुलतीचं सोनं झालं, असं म्हणत मामांनी हळूच खोका काढला. दोन चुलतभाऊ, मामा आणि मी. नियम सांगून संपले आणि धाकट्या चुलतभावाला कळवणहून फोन आला, कांदा भिजतोय. तो निघाला. मामा जहाजं गोळा करू लागले.

सुतकामुळे चूल बंद होती, डबे शेजारून येत होते. मामींचे हात लग्नानंतर पहिल्यांदाच रिकामे. त्या येऊन बसल्या, म्हणाल्या, "पिवळी जहाजं मला द्या." नियम त्यांना तोंडपाठ होते, स्वयंपाकघरात इतकी वर्षं ऐकून होणार नाहीत तर काय? डाव पुरा झाला आणि मामी जिंकल्या. मामा चकित होऊन म्हणाले, "अगं, मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

त्यानंतर मामांना दोनच भिडू शोधावे लागत. रविवारी मी आणि माझी बायको ठरलेलेच. मामी भाजी निवडत खेळायच्या आणि मामांना बुडवायच्या. हरून इतका खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मागल्या वर्षी मामी गेल्या. पुन्हा तेच सुतक, शेजारचे डबे, घरभर माणसं. कळवणच्या चुलतभावालाच राहवलं नाही. कपाटाकडे बघत तो मामांना म्हणाला, "दादा, काढ तो खोका. या वेळी मी कुठं जात नाय. चौघं हायेत."

मामांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा मायेनं पाहिलं.

"बसलो असतो रे," ते म्हणाले, "पण एक भिडू कमी आहे."