पायमशीनचा आवाज

लेकाच्या मानेवरचा तो डाग तिच्या डोक्यातून जाईना. डाव्या बाजूला, जबड्याच्या खाली, बोराएवढा, लालसर-काळपट. पंधरा दिवसांपूर्वी जेवताना त्यानं मान वळवली तेव्हा दिसला.

"हे काय झालंय रे?"

"कुठे काय? डास चावला असेल," म्हणून त्यानं कॉलर वर ओढली.

डासाची गांधी दोन दिवसांत बसते. ही बसायचं नाव घेईना, उलट कडक होत चालली होती. आणि घरात जेवताना कॉलर वर ओढणारा माणूस तिनं तरी पाहिला नव्हता.

आईच्या मनात आधी वाईटच येतं. पहिले तीन दिवस तिला ती गाठ वाटली. मग वाटलं, एखादी मुलगी असेल. तसं असतं तर तिनं त्या मुलीचे उपकारच मानले असते, कारण लेक चौतिशीला आला तरी लग्नाचा विषय निघाला की चप्पल शोधायचा. पण त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट तिच्या नजरेत भरली. त्याच्या डाव्या हाताची नखं पार कातडीपर्यंत कापलेली होती, उजव्या हाताची तशीच वाढलेली. प्रेमात पडलेला माणूस एकाच हाताची नखं कापत नाही.

लेकाला सगळे कानसेन म्हणायचे. नाव ठेवलं होतं खालच्या मजल्यावरच्या व्हायोलिन मास्तरांनी. नऊ वर्षांचा असताना हा जिन्यात बसून मास्तरांच्या शिष्यांच्या चुका ओरडून सांगायचा, "दुसरं बोट उतरलं!" एक दिवस मास्तर बाहेर आले, त्यांनी त्याचा कान धरला आणि कान धरूनच आत नेलं. तेरा वर्षं तो तिथं शिकला. वर ती पायमशीनवर लोकांचे कपडे शिवायची, खाली हे दोघं वाजवायचे. नवरा लवकर गेला होता, घर त्या मशीनवरच उभं होतं. "वहिनी, तुमच्या मशीनची लय माझ्या शिष्यांपेक्षा पक्की," असं मास्तर जिन्यात भेटले की म्हणायचे.

बाविसाव्या वर्षी मास्तरांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "तुझा कान तुझ्या हाताच्या फार पुढे गेलाय. हात त्याला गाठणार नाही." लेक वर आला, व्हायोलिनची पेटी कपाटावर ठेवली, हात धुतले आणि जेवायला बसला. त्यानंतर बारा वर्षं ती पेटी तिथंच होती. ती फक्त वरची धूळ पुसायची.

पोट मात्र कानानंच भरलं. एका स्टुडिओत तो जुनी ध्वनिमुद्रणं साफ करायचा. टेपेतली खरखर, कोणाचा खोकला, दाराची करकर वेचून बाहेर काढायची. "धुणीभांडीच गं," तो म्हणायचा, "फक्त आवाजाची."

सहा महिन्यांपूर्वी मास्तर गेले. आपला रियाज टेप करायची त्यांना सवय होती. आधी तारीख बोलायची, मग वाजवायचं, दुसऱ्या दिवशी ते ऐकून स्वतःलाच शिव्या घालायच्या. त्यांची लेक परगावी शिक्षिका होती, रविवारचं तेवढं यायची. तिनं टेपांनी भरलेल्या दोन ट्रंका विश्वासानं कानसेनच्या हवाली केल्या. एका कंपनीनं त्या बाजारात आणायचं ठरवलं. जुन्या टेपा ढिगानं होत्या, पण कंपनीला शेवटचं वर्ष हवं होतं. ऐंशीचा म्हातारा मरणाआधी काय वाजवत होता, ते म्हणे लोकांना ऐकायचं असतं. कानसेननं शोधून सहा टेपा काढून दिल्या. शुक्रवारी त्या बाहेर यायच्या होत्या.

मंगळवारी दुपारी मास्तरांची लेक, शुक्रवारसाठी रजा काढून आलेली, धापा टाकत वर आली.

"काकू, मशीन थांबवा आधी. ऐकवायचंय काहीतरी. तुमच्या लेकानं कव्हरवर लिहायला पाठवलं होतं."

तिनं फोन कापडाच्या ढिगावर ठेवला. मास्तरांचा आवाज आला, "तेरा जानेवारी. थंडी आहे. बोटं रुसली आहेत." मग तारा जुळवल्याचा आवाज, आणि मग व्हायोलिन. संथ, भरलेलं. त्याच्या खाली, लांबून, कोणीतरी वरच्या मजल्यावर बसल्यासारखं: खटक-खटक, खटक-खटक.

"ओळखलंत का? तुम्ही आहात!" लेक हसता हसता डोळे पुसायला लागली. "कव्हरवर मी लिहिलंय, बाबा शेवटपर्यंत वाजवत होते आणि वर काकूंचं मशीन साथ करत होतं. मी रविवारी यायचे तेव्हा म्हणायचे, आज सुट्टी. मला वाटायचं, हात गेला यांचा. तसं नव्हतं हो. वाजवत होते ते."

"पाणी घेतेस?" म्हणत ती माठाकडे वळली.

त्या जानेवारीत तिचं मशीन खटक-खटक करत नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षीच गुडघ्यांनी दगा दिला आणि मशीनला मोटर बसली. बसवली कानसेननंच. पायडलचा चामडी पट्टाही त्यानंच काढून ठेवला. तेव्हापासून मशीन घर्रर्र करायचं, एका दमात.

मोटरवरून तिला दुसरंही आठवलं. मोटर आल्यापासून खालचं व्हायोलिन तिला ऐकू यायचं बंद झालं होतं. ती एकदा जिन्यात म्हणालीही होती, "मास्तर, हल्ली तुमचं वाजवणं वर येत नाही." मास्तर नजर चुकवून म्हणाले होते, "तुमची मोटर फार बोलते, वहिनी." उलट तिनंच त्यांची माफी मागितली होती!

मास्तरांची लेक गेल्यावर ती स्टुलावर चढली. कपाटावरची पेटी उचलली तर हातात अलगद आली. आत व्हायोलिन नव्हतं.

संध्याकाळी तिनं कानसेनला वाढलं आणि समोर बसली.

"तेरा जानेवारीला मी पायानं शिवत होते की मोटरनं?"

"हे काय मध्येच?"

"सांग ना. कान तुझा."

त्याचा घास हातातच राहिला. जगातल्या कोणाचंही बोट केसभर उतरलं तर ज्याला कळायचं, त्याला हे कळलं नव्हतं. त्यानं ताट बाजूला सारलं.

"जुन्या टेपांतून तुझं मशीन काढून टाकायचं काम माझंच होतं," तो म्हणाला. "पण टाकून द्यायला मन झालं नाही. वेगळं ठेवलं होतं. आता स्टुडिओत वाजवलेलं फार कोरं वाटत होतं, खोलीच नव्हती त्यात. तुझं मशीन खाली घातलं आणि खोली भरली."

"वाजवलं कोणी?"

त्यानं कॉलर खाली केली. व्हायोलिन टेकतं तिथंच तो डाग होता.

"शेवटच्या वर्षाच्या टेपांत काही नाहीये, आई. तारीख आहे. तारा जुळवतात. तारांवरून चार वेळा गज फिरवतात, तो थरथरतो. मग बराच वेळ नुसती शांतता, आणि मग म्हणतात, 'आज नाही.' टेपांमागून टेपा. आज नाही, आज नाही. ते ऐकवू त्यांच्या लेकीला?"

पण संशय एकदा घरात शिरला की पाणी पिऊन जात नाही, मुक्कामालाच राहतो.

"तिच्यासाठी केलंस?"

"मग कोणासाठी?"

"हात कानाला गाठतो का, ते बघायला."

तो ताडकन उठला. "मग? गाठला ना? त्यांच्या पोटच्या पोरीलाही फरक कळला नाही!"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. तो मोरीत जाऊन उगाच हात धूत राहिला.

"तुझ्याशिवाय कोणाला कळणारे?" तो आतून म्हणाला, हळू.

"म्हणून तर म्हणते. शुक्रवारच्या आत तूच सांग तिला."

"बघतो."

त्यांच्या घरात 'बघतो'चा अर्थ नाही असाच व्हायचा. बुधवार गेला. "सांगितलंस?" "कामात होतो." कॉलर पुन्हा वर चढली होती. शिवताना तिचे टाके वाकडे पडत होते. एक मन म्हणायचं, गप्प बस. ती पोरगी सुखात आहे, मास्तरांचं नाव होईल, लेकाचं बारा वर्षांचं दुखणं बरं होईल, कोणाचं काय जातंय? दुसरं मन विचारायचं, ते वाजवणं याचं आहे ना, मग त्यावर याचं नाव कुठे आहे? चोरून मिळालेली शाबासकी अंगी लागत नाही. आणि उघडं पडलं, तर त्याला आयुष्यात कोणी साधा खोकला पुसायलाही टेप देणार नाही.

गुरुवारी सकाळी तो दाराआड फोनवर बोलत होता. ती इस्त्रीसाठी कपडे घडी करत होती. ऐकायचं नव्हतं असं मात्र नाही.

"आणखी सहा? ... हो, सापडतील की. ट्रंका पूर्ण बघून कुठे झाल्यात अजून?" आणि तो हसला. बारा वर्षांत तो असं हसला नव्हता.

हसण्यानंच तिचा निर्णय झाला. सहा टेपांपर्यंत दया म्हणता आली असती. बारा टेपांना दुसरं नाव होतं.

तो चप्पल घालून बाहेर पडला. "येतो गं," म्हणाला, आणि जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला. डाव्या हाताच्या बोटांची टोकं परकराच्या काठासारखी खरखरीत लागली. जिन्यातली पावलं संपेपर्यंत ती थांबली.

मग तिनं मोटरची पिन भिंतीतून उपटली. मोटर फार बोलते, असं कोणाला पुन्हा म्हणायला जागा नको. गप्प खोलीत तिनं चष्मा लावला आणि मास्तरांच्या लेकीचा नंबर काढला.