एक पान कमी

पाणीखात्याच्या खिडकीमागे बसून ज्यांनी अख्ख्या गावाला चपला झिजवायला लावल्या, त्या थांबाबाईंवर एके संध्याकाळी एका भारी बारमध्ये ताटकळत बसायची वेळ आली. त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांना हे कळलं असतं तर सगळे रांग लावून बघायला आले असते. रांगेची त्यांना सवयच होती.

बाईंचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कोणाला माहीत नव्हतं. खिडकीशी कोणीही आलं की मान वर न करता त्या "थांबा" म्हणत आणि माणूस थांबे, म्हणून थांबाबाई. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांचं आपलं एक शास्त्र होतं. आलेल्या कामांतली निम्मी नुसती थांबवून ठेवली तर आपोआप मरतात. नळ गळतो म्हणणारा हेलपाटे घालून दमतो आणि नळाला फडकं बांधतो. झालं काम. अट एकच, मान वर करायची नाही, कारण एकदा समोरचा चेहरा दिसला की मग ते काम झोपू देत नाही. नोकरीभर बाईंनी खिडकीतून फक्त कोपरं आणि पिशव्या पाहिल्या.

घरी मात्र सगळं उलटं. भावाची मुलगी लहानपणीच त्यांच्याकडे राहायला आली ती त्यांचीच होऊन गेली. बाईंनी लग्न केलं नव्हतं, दोन खोल्यांचं घर होतं, आणि त्या दोन खोल्यांत भाचीचं काही अडलं असं कधी झालं नाही. दूध, वेणी, गणितं, दुखणं, सगळं हातासरशी. गावाला द्यायची तत्परता बाईंनी सगळी घरात खर्च केली, असं म्हणायला हरकत नाही.

ती भाची आता मोठी झाली होती, नोकरी करत होती, आणि "आत्या, आज मी तुला बाहेर नेणार, नाही म्हणायचं नाही" असं बजावून तिने त्यांना या उंच इमारतीतल्या बारमध्ये आणून बसवलं होतं. बसवलं म्हणजे काय, आत बुडवलं. खुर्च्या इतक्या ठेंगण्या की गुडघे हनुवटीला लागत होते. उजेड इतका बेताचा की बाईंना आधी वाटलं दिवे गेलेत. मेनूकार्डावर एकही चित्र नव्हतं, नुसती नावं होती आणि त्यांखाली बारीक अक्षरांत जिन्नस. निळा संशय. तिसरी आठवण. धुक्यातला काका.

"यात सागाचा धूर आहे म्हणे," बाई कार्ड डोळ्यांशी नेत म्हणाल्या. "कपाटं जाळतात की काय इथे?"

"आत्या, हळू बोल."

वेटर लांब उभा होता. कातडी अॅप्रन, कोरलेली दाढी आणि वरच्या खिशात एक लांबलचक चिमटा. त्या चिमट्याने तो कुठल्याशा ग्लासात एक पान ठेवत होता, काढत होता, पुन्हा ठेवत होता. भाचीने हात वर केला. त्याने पाहिलं नाही. तिने हात आणखी वर केला. त्याने दुसरीकडे पाहिलं. मग तिने तोच हात केसांवरून फिरवला, जणू काही केस सारखे करायलाच उचलला होता.

थांबाबाई मात्र खुर्चीत जमेल तेवढ्या पुढे सरकल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर गाण्याच्या मैफिलीला बसल्यासारखा आनंद पसरला होता.

"बघ, बघ त्याची मान," त्या कुजबुजल्या. "डोळ्यांनी टाळणारे पुष्कळ असतात, हा खांद्यातून टाळतोय. मुरलेला आहे."

"आत्या, तो आपल्याला कस्पटासमान वागवतोय आणि तू कौतुक काय करतेस?"

"कौतुकाला कौतुक म्हणायला नको?"

बऱ्याच वेळाने चिमटेवाला आला. भाचीने दोन ड्रिंक सांगितली. आपल्यासाठी धुक्यातला काका आणि आत्यासाठी दारू नसलेलं काहीतरी. त्याने लिहून घेतलं नाही, मान हलवली आणि गेला तो गेलाच. भाचीने मध्ये एकदा आठवण करून दिली तेव्हा तो म्हणाला, "मॅम, हे ड्रिंक नाही, हा एक अनुभव आहे."

"अनुभव आला," भाची म्हणाली. "आता ड्रिंक द्या."

त्याने तिला वाटाण्याच्या अक्षता लावल्या आणि पुन्हा पानाशी जाऊन उभा राहिला. भाची हिरमुसली. मांडीवरच्या पर्सचा बंद ओढत म्हणाली, "आत्या, तुला एक सांगायचंय. पण ड्रिंक येऊ दे. त्याशिवाय माझ्याच्याने बोलवणार नाही."

बाईंच्या मनात पहिल्यांदा आलं, मुलगा. छान, त्यांनी मनातल्या मनात त्याची उंचीही ठरवून टाकली. पण मग भाचीने टेबलावरचा फोन उलटा करून पाहिला, पुन्हा पालथा ठेवला, आणि बाईंना गेल्या महिन्यातल्या एकेक गोष्टी आठवू लागल्या. हिने न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. मोठ्या आकड्यांचा फोन आणला. शेजारणीला घरची एक किल्ली देऊन ठेवली. लग्न ठरलेली मुलगी आत्याच्या न्हाणीघराची काळजी करत नाही. पोरगी लांब चालली होती.

"फोन कसला बघतेस सारखा?" त्यांनी विचारलं.

"काही नाही गं. एका ठिकाणी उत्तर द्यायचंय, आज त्यांचं ऑफिस बंद व्हायच्या आत. नाही दिलं तर ते दुसऱ्याला विचारणार. पण आधी तुला सांगितल्याशिवाय मी देणार नाही."

झालं. एवढं ऐकलं आणि बाईंच्या डोक्यात जुनी खिडकी उघडली. ड्रिंक आलं नाही तर ही बोलणार नाही. बोलली नाही तर उत्तर जाणार नाही. उत्तर गेलं नाही तर काम आपोआप मरेल. कोणाला काही बोलायला नको, कोणावर ठपका नाही. बाईंना तो चिमटेवाला एकदम सख्ख्या भावासारखा वाटू लागला.

आणि नेमका तेव्हाच तो मेला ट्रेवर भाचीचा ग्लास घेऊन आला.

"थांबा," बाई म्हणाल्या. मान वर न करता. त्यांनी मेनूकार्ड उघडलं, त्यावर बोट ठेवलं, ग्लासाकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं. "यात दोन पानं लिहिलीत. इथे एकच आहे."

"मॅडम, ते फक्त सजावटीला असतं."

"लिहिलंय ना? मग अपूर्ण आहे. पूर्ण करून आणा."

चिमटेवाल्याच्या डोळ्यांत राग येईल असं भाचीला वाटलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर चक्क आदर उमटला. त्याने ट्रे उचलला आणि पान शोधायला निघून गेला. आता तो काही लवकर येत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पानाच्या बाबतीत तो हयगय करणाऱ्यांतला नव्हता.

जीव भांड्यात पडला. बाईंनी खुर्चीत मागे टेकून भाचीकडे पाहिलं, आणि तिथेच त्यांची चूक झाली.

भाचीने पर्स छातीशी धरली होती. चेहऱ्यावर एक हसू तयार ठेवलं होतं, कोणी पाहिलंच तर लगेच दाखवायला. चिमटेवाल्याची सावली हलली की ती जरा पुढे सरके, तो वळला की परत मागे. मधूनच फोन, मग घड्याळ, मग तेच हसू. रागावलीसुद्धा नव्हती बिचारी. आपलंच काहीतरी चुकत असेल, असा भाव होता.

म्हणजे खिडकीपलीकडे हे असं दिसत होतं तर, बाईंना वाटलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि पाठोपाठ भयंकर राग आला. तोही कोणाचा, तर चिमटेवाल्याचा. माझ्या पोरीला थांबवतो म्हणजे काय?

त्या उठल्या. म्हणजे उठायला निघाल्या. खुर्ची सोडेना. एकदा हिसका, दोनदा हिसका, तिसऱ्यांदा त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि तडक काउंटरशी गेल्या. तिथे धुक्यातला काका तयार होऊन बसला होता, त्यातला बर्फ वितळून निम्मा झाला होता, आणि चिमटेवाला दुसऱ्या पानाचा कल पाहत होता. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे.

"दोन मिनिटं, मॅडम."

बाईंनी बोटांनी ते पान उचललं, ग्लासात टाकलं आणि ग्लास उचलला. कोणीतरी मागून "अहो, आजी, तिथे स्टाफ..." म्हणालं. ते त्यांना ऐकू आलं नाही. न ऐकण्याची नोकरीच केली होती.

"घे," ग्लास भाचीपुढे आपटून त्या म्हणाल्या. "पी आणि बोल. लवकर."

भाचीने एक मोठा घोट घेतला, तिला ठसका लागला, नाकातून थोडा सागाचा धूर आला, आणि ती एका दमात बोलून मोकळी झाली. मोठी नोकरी. दुसऱ्या शहरात. जायला अख्खा दिवस लागतो. पहिल्या तारखेला हजर व्हायचं.

"नको म्हणालीस तर नाही जाणार मी," ती म्हणाली. "खरंच नाही जाणार."

"मला फार वाईट वाटणार आहे," बाई म्हणाल्या. "रोज वाटेल. घर खायला उठेल. ते तुला सांगून ठेवते, नंतर म्हणशील आत्याने लपवलं. आता तो फोन उचल आणि हो म्हणून लिही."

"उद्या कळवू का? विचार करून?"

"विचार कसला? ऑफिस बंद होईल त्यांचं."

भाचीने लिहिलं. अंगठा बटणावर ठेवून ती बसून राहिली. शेवटी बाईंनीच हात पुढे केला आणि ते बटण दाबलं. अख्ख्या आयुष्यात थांबाबाईंच्या हातून आल्या दिवशी मार्गी लागलेलं हे बाहेरचं पहिलंच काम. भाचीने डोळे पुसले, बाईंनी ग्लासातलं एक पान काढून उगाच चावलं.

"आता घाई नाही," बाई म्हणाल्या. "बसू जरा. तू माझ्याशी नीट बोललीस त्याला किती दिवस झाले. तिकडे राहणार कुठे, जेवणार काय, सगळं सांग मला, सावकाश."

त्यांनी हात वर केला. चिमटेवाला लांब होता, पाठमोरा होता, पण तो आला. बाईंनी पहिल्यांदाच मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "माझं सांगितलेलं अजून आलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हरकत नाही. उशिरा आणलंत तरी चालेल. खूप उशिरा आणा."

आणि कधी नव्हे तो, तो मेला लगेच घेऊन आला.